हेमकांतचे ब्रेक

गावात हेमकांतला 'भरधाव' म्हणतात. समोर नाही म्हणत, मागे म्हणतात. ज्या पोरांनी त्याला गाडी चालवताना कधी पाहिलं नाही, तीसुद्धा म्हणतात. हे नाव खोटं आहे. खोटं आहे हे हेमकांतला माहीत होतं, त्याच्या बायकोला, काजलला माहीत होतं आणि मला. आम्ही तिघं गप्प राहिलो, कारण खरं बोललो असतो तर ते एका म्हातारीच्या कानावर गेलं असतं. ती म्हातारी म्हणजे हेमकांतची आई, नर्मदाबाई. यंदा पौषात ती गेली. सुतक फिटल्यावर हेमकांत माझ्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "आप्पा, आते तुमले लिखनं व्हई तं लिखा. फक्त मायना दोष शे असं लिखू नका."

तसं लिहिणार नाही. जे झालं तेवढंच लिहितो.

माझं नाव धुडकू. साखर कारखान्यात मिल हाउसला फिटर होतो, आता घरी असतो. माणसाची पारख मी त्याच्या कामावरून करतो. बोल्ट आवळताना शेवटचा पाव फेरा जो सोडून देतो, त्याच्या घरी मी चहा पीत नाही. त्यामुळे गावात माझी चहाची घरं फार उरली नाहीत. जी उरली त्यांतलं एक हेमकांतचं.

त्याचा बाप हिलाल लवकर गेला. हेमकांत तेव्हा एसटीने शहाद्याला कॉलेजात जायचा. ते सुटलं. केळीची बाग, कापूस आणि आई अंगावर आली. तेव्हापासून तो दुसऱ्याच्या हातावर विसंबला नाही. बोअरची मोटर त्याने स्वतः वर काढली, स्वतः बसवली. ठिबकच्या नळ्या स्वतः अंथरल्या. एकदा ट्रॅक्टरचा मागचा भाग खळ्यात उघडून ब्रेकच्या प्लेटा बदलल्या. ते काम मी उभं राहून पाहिलं. ताडपत्रीवर सगळे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडलेले, प्रत्येक भाग डिझेलने धुतलेला. ट्रॅक्टरचे ते ब्रेक तेलात बुडालेले असतात. प्लेटा तेलातच फिरतात आणि तेलातच धरतात. तेल कमी झालं तरच बिघडतात. हेमकांतला ब्रेकची जी ओळख होती ती ही.

मग एका वर्षी बाग चांगली आली आणि त्याने ती गाडी आणली. सुरतेच्या कुणा कापड व्यापाऱ्याच्या मुलाची वापरलेली. राखाडी, बुटकी, टर्बो इंजिनाची. चाकाच्या जाळीतून आतली डिस्क दिसायची, जेवणाच्या ताटाएवढी, आणि तिला धरून बसलेला लाल कॅलिपर. शर्यतीच्या जातीची गाडी. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर तिचं पोट घासायचं, म्हणून हेमकांतने दोन्ही बाजूंना मुरूम टाकून, धुमसाने ठोकून उतार केला. आजही तो उतार तसाच आहे, खचलेला नाही.

लोक हसले. किराणावाला नवनीत दुकानातूनच ओरडायचा, "काय रे हेमा, चित्ता पाळा नि त्याले कडबा चारी ऱ्हायना?"

कारण हेमकांत गाडी हळू चालवायचा. शहाद्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाडीमागे निवांत चालायचा, हॉर्न वाजवत नसे.

"पळाडाकरता नई आनी नवनीतभाऊ," तो म्हणायचा. "तिनी घडन दखाकरता आनी."

"मंग फोटू लावी लेता भिंतले. पेट्रोल तरी वाचतं."

काजलही चिडवायची. तिचं माहेर रनाळ्याचं. "मन्हा अमृतभाऊनी फटफटी ह्या गाडीपेक्षा जोरमा पळस," म्हणायची. हेमकांत हसायचा आणि बॉनेट उघडून उभा राहायचा. त्याला इंजिन बघायला आवडायचं. देवळात काही माणसं मूर्तीपुढे उभी राहतात, नमस्कारही करत नाहीत, नुसती बघतात. तसा.

पुढे डिस्क झिजल्या. कडेला बोट फिरवलं की धार लागायची. ब्रेक दाबला की पेडल थरथरायचं. कंपनीचं गॅरेज लांब, आणि वाटेतल्या एका गॅरेजात एकदा चाक काढलं होतं तेव्हा त्यांनी एक नट तिरपा चढवून दिला होता. हेमकांतने तेव्हाच ठरवलं होतं की हिला दुसऱ्याचा हात लावायचा नाही. चारी चाकांच्या नव्या डिस्क आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड त्याने मागवले. पार्सल शहाद्याला आलं, ते एसटीत मांडीवर घेऊन तो घरी आला.

मी तेव्हा नवापूरला लेकीकडे होतो. पुढचं काही हेमकांतने आणि काजलने सांगितलेलं आहे, काही मी नंतर डोळ्यांनी पाहिलेलं.

काम खळ्यात केलं. गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले केले, मग जॅक लावला. जॅकवर विसंबला नाही. खाली बाभळीचे ठोकळे घातले. कॅलिपर सोडून तारेने वर बांधला, म्हणजे त्याचं ओझं ब्रेकच्या नळीवर येऊ नये. जुनी डिस्क गंजाने चिकटलेली होती. तिच्यावर हातोडा घातला नाही, लाकडी मोगरीने फिरवत फिरवत ठोकून काढली. ती जिथे बसते ती जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत केली, कारण तिथे गंजाचा कण राहिला तर डिस्क वाकडी फिरते. कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलायला सुताराचा शिकंजा वापरला, सावकाश. फोनवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ लावलेला होता. बोलणं फारसं समजत नव्हतं, हात समजत होते. त्या माणसाने नव्या डिस्कवर एका डब्यातून काहीतरी फवारलं आणि फडक्याने पुसलं. नवी डिस्क गंजू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा पातळ हात देऊन येते, तो काढायचा असतो, आणि काढायला उडून जाणारं द्रव्य लागतं. हेमकांतकडे तो डबा नव्हता. त्याने डिझेलच्या फडक्याने पुसलं. आयुष्यभर लोखंड तसंच पुसलं होतं.

मग नर्मदाबाई वाटी घेऊन आली.

त्या घरात एक रीत होती. नवं लोखंड घरात आलं, मग तो नांगराचा फाळ असो, विळा असो की मोटर, कामाला लागण्याआधी त्याला तेलात कालवलेला शेंदूर लागायचा. रीत बऱ्याच घरांत आहे, पण दसऱ्याला आणि बोटभर. नर्मदाबाईकडे ती बारमाही होती आणि वाटीभर. हिलाल गेला तो नव्या आणलेल्या कडबाकुट्टीत हात तुटून, जखम चिघळून. त्या यंत्राला शेंदूर लावायचा राहिला होता, असं ती मानायची. त्यानंतर तिने कधी चुकवलं नाही. "नवं लोखंड उपाशी कामले लावतस नई," म्हणायची. आणि एकदा लावलेला शेंदूर पुसायचा नाही. तो आपोआप झडायचा.

"हाई काय शे रे, तवा?" तिने विचारलं.

"तवा नई माय, डिस्क शे. गाडी थांबाडस ती."

"म्हंजे जीव हिनाच हातमा."

"व्हय."

"मंग तं पोट भरीसन लावनं पडी."

तिने एकेका डिस्कला दोन्ही अंगांनी पाच बोटं ओढली. परातीत मांडलेल्या पॅडनाही लावला, एकेक उचलून. हेमकांत म्हणाला, "माय, जरा कमी." ती म्हणाली, "तू चूप. बाजू सरक."

काजल दळण घेऊन चालली होती. ती थांबली. "हिले तेल चालस का हो?" तिने विचारलं. सबंध घरात हा प्रश्न विचारणारी ती एकटी.

"ट्रॅक्टरना ब्रेक तं तेलमाच बुडेल ऱ्हातस," हेमकांत म्हणाला. आणि आईचा शेंदूर न पुसता त्याने डिस्क चढवल्या, पॅड बसवले, टॉर्कच्या पान्याने प्रत्येक नट मापात आवळला, एक सोडून एक, जसा आवळायचा तसा.

मोटारीची डिस्क कोरडीच धरते. पॅडचा मसाला तेल पितो, सुकी माती पाणी पिते तसा. वरून पुसलं तरी आतलं निघत नाही. कारखान्यात उसाच्या क्रेनच्या ब्रेकपट्टीला तेल लागलं की मोळी धरली जात नाही, खाली येते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळतं. हेमकांतने क्रेन कधी पाहिली नव्हती. त्याने ट्रॅक्टर पाहिला होता.

पहिल्या फेरीत ब्रेक मऊ वाटला, वास आला. त्याने माल पाठवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, नवे पॅड आहेत, थोडं चालू द्या, बसतील. नवे पॅड बसायला वेळ घेतात हे खरंच आहे. सपाटीवर, त्याच्या चालीने, गाडी थांबत होती. काही दिवस गेले.

काजल लग्नापासून तोरणमाळला जायचं म्हणत होती. नर्मदाबाईचे गुडघे धरलेले, ती घरी राहिली. दोघंच गेली. तलाव पाहिला, मक्याची कणसं खाल्ली, ऊन कलायच्या आत परत निघाली, कारण हेमकांतला घाट उजेडात उतरायचा होता.

उतरताना त्याने गियर खालचा ठेवला होता. तरी ब्रेक लागतोच. डिस्क तापल्या, पॅडमधलं तेल वर आलं. काजल सांगते, आधी वास आला, तव्यावर तेल जळतं तसा. मग एका वळणाच्या तोंडाशी समोरून जीप आली, टपावरही माणसं बसलेली. हेमकांतने ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं नाही. दगडासारखं घट्ट लागलं. गाडी मात्र चालतच राहिली.

"लागी नई ऱ्हायना," तो म्हणाला. ओरडला नाही, काजल सांगते. नळाला पाणी नाही म्हणावं तसं म्हणाला. हातब्रेक ओढला. तो मागच्या डिस्क धरतो, त्यांनाही तोच शेंदूर.

उजवीकडे दरी, समोर जीप, डावीकडे खडक. त्याने गाडी डावीकडे घातली. डावीकडे काजल बसली होती.

जीपमधल्या माणसांनीच दोघांना बाहेर काढलं. हेमकांतच्या बरगड्या गेल्या, त्या सांधल्या. काजलचा डावा पाय पत्र्यात चेपला होता. सुरतेला नेलं. गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी तपासायला अधिकारी आले. नळ्या शाबूत, त्यांतलं ब्रेकचं तेल पुरेसं, पेडल घट्ट. ब्रेकची यंत्रणा चालू स्थितीत, असं त्यांनी लिहिलं. जे वरून दिसत होतं ते लिहिलं. मग गावानेच निकाल लावून टाकला. शर्यतीची गाडी, तोरणमाळचा घाट, दुसरं काय होणार. नवनीतने दुकानात बसून सांगितलं, "चित्तानी एक दिन कडबा सोडा." या वेळी कोणी हसलं नाही.

मी नवापूरहून आलो तेव्हा चेपलेली गाडी खळ्यात ताडपत्रीखाली होती. हेमकांत बरगड्यांना पट्टा बांधून खाटेवर बसला होता. काजल अजून दवाखान्यात. ओट्यावर तिचा भाऊ अमृत उभा होता, रनाळ्याहून आलेला. धिप्पाड माणूस.

"पाव्हना," तो म्हणाला, "तुमले विमान उडावनं व्हतं तं एकला उडावता. मन्ही बहीनले कसाले बसाडं?"

"ब्रेक लागना नई, अमृत."

"साहेब लिखी गयात, ब्रेक चांगला शेतस. साहेब खोटं लिखतीन का?"

नर्मदाबाई दारात बसली होती. ती अमृतकडे बघून म्हणाली, "मन्हा पोऱ्या खोटं नई बोलस, बाप्पा. ब्रेक लागना नई म्हनस तं लागना नई." तेवढा एकच दिवस ती त्याच्या बाजूने बोलली.

अमृत गेल्यावर हेमकांत मला म्हणाला, "आप्पा, चाक खोलू. माले समजाले पाहिजे."

त्याला वाकता येत नव्हतं. पाना मी चालवला. नट सुटताना मला त्याचं काम कळत गेलं. एकही नट कमी आवळलेला नाही, एकही जास्त नाही. कॅलिपरच्या बोल्टांवर त्याने पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती, ढिला झाला तर रेघ तुटावी म्हणून. एकही रेघ तुटलेली नव्हती. इतकं नीट काम मी कारखान्यातही क्वचित पाहिलं.

पॅड बाहेर काढले. तोंड काळं, काचेसारखं गुळगुळीत. नखाने खरवडलं तर तेलकट काजळी निघाली. सगळे पॅड तसेच. डिस्कच्या आतल्या कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही, तिथे शेंदूर होता तसा होता, लाल.

मी बोटावर घेतला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने बोट पाहिलं, पॅड पाहिला, मग घराकडे पाहिलं. आत नर्मदाबाई भांडी लावत होती, आवाज येत होता.

"कोरडं ऱ्हावाले पाहिजे व्हतं?" त्याने विचारलं.

"कोरडं."

"ट्रॅक्टरना..."

"ट्रॅक्टरचं वेगळं."

तो खाली बसला. बरगड्यांमुळे बसायला त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "मी पुसाले पाहिजे व्हतं. तिले काय समजस? मी चढाडं ते." थोड्या वेळाने म्हणाला, "आप्पा, हाई बाहेर जावाले नको."

मी म्हटलं, "डिझेलचं सांग. तुझ्या हातून डिझेल लागलं, म्हणून ब्रेक घसरले. एवढंच सांग. तेही खरंच आहे. अमृतची तरी समजूत पटेल. मी पॅड दाखवतो."

"तेल म्हनताच माय समजी जाई," तो म्हणाला. "ती भोळी शे आप्पा, येडी नई. बाप गया तो शेंदूर लावा नई म्हनीसन, असं तिना मनमा. आते सूनना पाय गया तो शेंदूर लावा म्हनीसन? मंग ती कसावर जगी?"

त्याने पॅड गोणपाटात बांधले आणि तापीच्या डोहात टाकून आला. बरगड्यांना पट्टा असताना, चालत. मी बरोबर गेलो, पण ओझं त्याने मला घेऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं बोलणं बदललं. कोणी विचारलं की म्हणायचा, "वेग जास्त व्हता." पोलिसांना तेच, शहाद्याच्या कोर्टात तेच. गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली ती भोगली, लायसन गेलं. अमृतला निरोप धाडला की तुमचंच खरं. अमृत पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. बहिणीला भेटायचं तर रस्त्यावर उभा राहून हाक मारायचा.

काजलपाशी मात्र खोटं चालणार नव्हतं. ती गाडीत होती. तिने वेग पाहिला होता, वास घेतला होता, आणि तेलाचा प्रश्न तिनेच विचारला होता. दवाखान्यातच तिने त्याला धरलं. त्याने सगळं सांगितलं. ती एक दिवस, एक रात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, "मी तुमले विचारं व्हतं." बस. हे वाक्य तिने पुढे कधी उच्चारलं नाही, पण एकदा उच्चारलं ते पुरेसं होतं. अमृत तिला न्यायला तयार होता. ती गेली नाही. का गेली नाही, हे मी विचारलेलं नाही. मलाही ती एवढंच म्हणाली, "आप्पा, मायले समजाले नको. ती मन्ही जखम पुसस, मन्हा पाय धुस. तिना हात थांबी गया तं माले कोन शे?"

कारण काजल घरी आली तेव्हापासून नर्मदाबाई तिचा तुटका पाय चोळायची. तिळाचं तेल कोमट करून, रोज दिवेलागणीला, ओट्यावर बसून, सावकाश. दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसायची आणि सुनेचा पाय मांडीवर घ्यायची. टाक्यांची जागा हळूहळू मऊ झाली ती त्या हातांनी. भेटायला आलेल्या बायांना ती सांगायची, "मी डिस्कले पोटभर शेंदूर लावेल व्हता ना वं, म्हनीसन जीव वाचना. नईतं दोन्ही जातात." बाया हात जोडायच्या. काजल मान हलवायची. हेमकांत तिथे असला तर गोठ्याकडे जायचा.

आणि हेमकांतशी नर्मदाबाई बोलायची बंद झाली.

कोर्टात त्याने कबूल केलं त्या दिवसापासून. आधी त्याच्या बाजूने बोलली होती, म्हणून जास्तच. पोराने आपल्याला चारचौघांत खोटं पाडलं, असं तिला वाटलं असेल. वेगाने बायकोचा पाय घालवला आणि वर आईला ब्रेकचं खोटं सांगितलं. ताट वाढायची, पुढ्यात सरकवायची, शब्द नाही. काही सांगायचं तर काजलला सांगायची, तो समोर असला तरी. "त्याले म्हन, गायले पानी दाखाड." हेमकांत उठून पाणी दाखवायचा. शेतातून आला की आल्याचं सांगायचा, "माय, उनू." उत्तर येत नसे. तरी रोज म्हणायचा. मी एकदा म्हटलं, कशाला म्हणतोस? तो म्हणाला, "सवय मोडाले नको, आप्पा."

गाडी भंगारात गेली. हेमकांत शेतावर चालत जायचा. काम पूर्वीसारखंच, कुठे कमी नाही. फक्त एक नवं लागलं. खांद्यावर एक फडकं आलं. जे हातात घेईल ते पुसायचा. पान्याला, फाळाला, नळाच्या तोटीलासुद्धा. आईने नव्या विळ्याला शेंदूर लावला तर तो तिच्यासमोर पुसत नसे. शेताच्या वाटेवर, केळीच्या आडोशाला गेल्यावर पुसायचा.

काजलची जखम पूर्ण भरली, तेव्हा तिला कृत्रिम पाय मिळाला. बसवून बघायला दोघं आदल्या दिवशी जाऊन आली होती. घरी पहिल्यांदा घालायचा म्हणून मला बोलावलं. पट्टे आणि जोड मी एकदा बघावेत अशी हेमकांतची इच्छा. मी बघितले. वर गुडघ्याखाली बसणारी वाटी, खाली रबराचं पाऊल, मध्ये धातूची नळी आणि तिचे स्क्रू. स्क्रू हेमकांतने आधीच तपासले होते. प्रत्येकावर पांढरी रेघ होती.

पाय खाटेवर ठेवलेला. काजल खाटेच्या कडेला बसलेली, साडी नीट करत. नर्मदाबाई आतून आली. तिच्या हातात वाटी होती.

तिघांनीही ती वाटी पाहिली.

"नवं लोखंड शे," म्हातारी म्हणाली. ती काजलशी बोलत होती. "आते हिनावर तुन्हा सगळा भार. उपाशी कसं लावनं?" खाली बसली, तो पाय मांडीवर घेतला, जसा रोज खरा पाय घ्यायची, आणि नळीवर पाच बोटं ओढली. मग थोडं थांबून पावलाच्या टाचेलाही एक बोट.

हेमकांतचा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. काजलने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, इतकी थोडी की म्हातारीला दिसू नये. मग सासूला म्हणाली, "लावा माय. वरतून बी लावा." हेमकांतचा हात खाली आला.

पाय घातला. पट्टे आवळले. काजल खाटेला धरून उठली. तेवढ्यात मी पाहिलं, वाटीतलं तेल लादीवर सांडलं होतं. थेंब नाही, चांगला ओघळ, ती पाऊल टाकणार तिथेच. मी बोलेपर्यंत हेमकांत गुडघ्यांवर बसला होता. फडक्याने पुसत होता. एकदा पुसलं, फडकं उलटं केलं, कोरड्या बाजूने पुन्हा पुसलं, मग तळहाताने जागा चोळून पाहिली आणि तळहात नाकाशी नेला.

"शेंदूर पुसू नको रे," नर्मदाबाई म्हणाली.

कोर्टाच्या दिवसानंतर त्याला उद्देशून तिने काढलेला तो पहिला शब्द. हेमकांतने मान वर केली नाही. मला वाटतं त्याला जमलं नसावं.

"तिना पायना नई पुसी ऱ्हायनू, माय," तो लादीकडे बघत म्हणाला. "खाले पडेल शे. तिना पाय सरकी जाई."

म्हातारीने लादीकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. तिला काय समजलं, काय नाही, मी सांगू शकत नाही. ती भिंतीला धरून उठली आणि वाटी कोनाड्यात ठेवली.

"मंग धर तिले," ती म्हणाली. "दखी काय ऱ्हायना?"

हेमकांतने उठून फडकं फेकलं आणि काजलचा हात धरला. ती दाराकडे चालू लागली. चांगलं पाऊल, मग शेंदराचं, मग चांगलं. उंबऱ्याशी ती थांबली, त्याचा हात सोडवला आणि चौकट धरून एकटीच बाहेर ओट्यावर गेली.